पेटीतले धवले

लोकांच्या पेट्यांची सुचित्रा दामले यांना शिसारी आहे, आणि पोट त्या पेट्यांवरच आहे. पेटी म्हणजे घरातले सगळे फोटो-व्हिडिओ एका ठिकाणी साठवणारी, नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी. कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी नेरूळला दुरुस्तीचा गाळा घेतला, तेव्हा माणसांपासून सुटलो असं वाटलं होतं. आता माणसं पेटीतून येतात. कुणाच्या पेटीत झुरळांनी अंडी घातलेली, कुणाच्या पेटीवर अगरबत्तीचा काजळथर. आत काय साठवलंय ते बाई कधी बघत नाहीत. बाहेर एवढी घाण, तर आत किती असेल!

दसरा झाला आणि जवळच्या सारसोळे गावचा कुंदन आला. हा लग्नांचं शूटिंग करतो. मागून त्याची आई पुतळाबाई, गळ्याला रुमाल गुंडाळलेला.

"मॅडम, लाइट लागते, पन कॉम्प्युटरवर दिसतच नाय."

बाईंनी झाकण उघडलं. आधी तांदूळ सांडले. पाठोपाठ मुंग्या, अगदी रांगेने. बोर्डावर हळदकुंकवाचा चिकट चिखल.

"हे काय?"

"खंडेनवमीची पूजा. नारलाचं पानी शिंपडलं जरासं."

"चालू पेटीवर?"

"बंद पेटीची पूजा कोन करतं?"

"आणि हे तांदूळ? अक्षता?"

"छे! ते सुकवायला. मोबाइल भिजला की ठेवतात ना, तसं. मग सारखी चालू-बंद करून बघितली."

"नैवेद्य तेवढा राहिला. मुंग्यांना आधी कळलं."

कुंदन हसला नाही. "यात आयचे धवले हायत, मॅडम."

पुतळाबाई धवलारीण. गावातल्या कितीतरी लग्नांत धवले, म्हणजे देवांना आवतण देणारी गाणी, त्यांनीच गायली. वर्षापूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नातीचं, जाईचं, लग्न ठरलं होतं. मांडवात आजीचाच आवाज लागला पाहिजे, असा जाईचा हट्ट. म्हातारी स्टुलावर बसून पेटीकडे बघत होती, जणू तिलाच टेबलावर घेतलंय.

बाईंनी डिस्का काढून बाजूला ठेवल्या आणि नाक आक्रसून स्पिरिटने बोर्ड पुसला. अशा बोर्डाच्या कडेला चार बारीक पिना असतात. पेटी नेटवर्कवर मुकी झाली, तरी सुरू होताना आपली रड या पिनांवरून अक्षरांत सांगत असते. तीन वायरी लॅपटॉपला जोडायच्या आणि वाचायची. पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या घासल्या, वायरी लावल्या, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर अक्षरं ओघळली आणि थबकली. पेटीला बोर्डावरची स्वतःची सिस्टीमच सापडत नव्हती.

"चालू-बंद करून अर्धी पुसलीत," बाई म्हणाल्या. पुन्हा सुरू करून ऐन वेळी त्यांनी लॅपटॉपची कळ दाबली, पेटीला मध्येच अडवलं आणि नवी सिस्टीम भरली. डिस्का परत लावल्यावर फोल्डर एकेक करत दिसू लागले. पुतळाबाईंनी हात जोडले.

कुंदनने घाईघाईने एका हळदीची क्लिप उघडली. पडद्यावर पुतळाबाईंचे ओठ हलत होते. आवाज डीजेचा. दुसरी उघडली. पुन्हा ओठ, पुन्हा डीजे.

"मूळ आवाज कुठाय?" बाईंनी विचारलं.

"तो काढतो आपन. मागून गडबड येते ना. मूळ फायली पन डिलीट करतो, जागा खातात."

"गडबड म्हणजे तुमच्या आई?"

कुंदन स्टुलाकडे बघेना.

मुंग्या, चिखल, तांदूळ यांनी जे झालं नव्हतं ते आता झालं. बाईंना खरी शिसारी आली. पण माउस त्यांनीच ओढून घेतला. कधी न बघणाऱ्या बाई एकेक फोल्डर उघडत, डीजे ऐकत, खाली खाली गेल्या. तळाशी 'खराब शूट' नावाचं फोल्डर होतं. त्यात एक हललेली, म्हणून तशीच टाकून दिलेली क्लिप.

"कुंदन्या, मेल्या, तो भोंगा बंद कर आदी! देवाला ऐकू जाईल कसं?" पुतळाबाईंचा खणखणीत आवाज. मग खाकरणं, आणि मग एक धवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

कुंदन डोळे पुसत पुढे झाला. "सुरवातीचं तेवढं कापतो, मॅडम. मांडवात चांगलं नाय वाटनार."

पुतळाबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली आणि बोटाने खूण केली: परत लाव. अगदी सुरुवातीपासून.

"जाईला असंच द्यायचं. कापलंत तर पेटी इथे आणायची नाही," म्हणत बाई हात धुवायला गेल्या.