भावजींची मऊ गाडी

आमच्या भावजींशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पायांशी बोलायचं. बाकीचे भावजी गाडीखाली असायचे. अंगणात लिंबाच्या सावलीला जीप उभी, जीपखाली गोणपाट अंथरलेलं, आणि बाहेर आलेले दोन पाय, टाचांना भेगा, नखांत ग्रीस. मी चहाचा कप पायांजवळ ठेवायची आणि पायांनाच विचारायची, "भावजी, साखर जरा कमी पडलीय, चालेल ना?" उजवा अंगठा हलला की चालेल. दोन्ही टाचा एकमेकींवर घासायला लागल्या की समजायचं, आत कुठला तरी नट हट्टाला पेटलाय, आत्ता काही विचारू नका. तुमच्याही घरी असा एखादा माणूस असेल, त्याला ताटावर बोलवायचं तर वाकून बोलवावं लागतं.

ते माझे धाकटे दीर. अर्धं आयुष्य त्यांनी आमच्या गावापासून अंबाजोगाईपर्यंत काळी-पिवळी जीप चालवली. आत माणसं कोंबलेली, मागं फळीवर उभी, टपावर भाजीची पोती आणि एखादं करडू. पुढं गुडघे दुखायला लागले तेव्हा धंदा सोडला, गाडी पांढरी रंगवून घेतली, पण विकली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बैल म्हातारा झाला म्हनून कुनी इकतं का?" त्यांचे शेजारी तर बैल विकत होते, तरी ते असंच म्हणायचे.

गाडी चालवताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "गाडी बोलती हाय, तिचं ऐकू द्या," असं म्हणून ते मान तिरकी करत. आणि मी तर बोलणारी बाई. माहेरी जाताना त्यांच्या शेजारी बसले की फाट्यापर्यंत माझी निम्मी हकीकत झालेली असायची. मग ते डॅशबोर्डवर हात फिरवत शोधल्यासारखं करायचे. "वैनी, सगळ्याला बटन हाय हितं. लाईटीला हाय, भोंग्याला हाय. तुमाला बंद करायचं बटन कुठं बसवलंय दादानं?" मागं बसलेली सुमन तोंडाला पदर लावून हसायची.

सुमन म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. ती बोलायची कमी, पण ऐकायची अशी की बोलणाऱ्याला चव यायची. दुपारी आम्ही बायका ओसरीवर शेंगा फोडत बसायचो, मी सांगायची, बाकीच्या हो ला हो करायच्या, आणि सुमन नेमक्या जागी हसायची. तिचं हसणं दोन टप्प्यांचं होतं. आधी नाकातून फुस्स आणि मग मोठ्यानं. ती हसली नाही तर मी समजायची की गोष्ट फसली.

तिच्या मणक्यात गाठ निघाली तेव्हा दोन्ही लेकींची लग्नं झालेली होती, घरात ही दोघंच. दर आठवड्याला अंबाजोगाईला न्यायचं होतं, इंजेक्शनाला. आमचा रस्ता तुम्हाला ठाऊक असेल किंवा असलाच दुसरा ठाऊक असेल. खाली काळी माती, ती पावसाळ्यात खचते. उरलेला रस्ता उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढून खचवतात. पहिल्या खेपेला अँब्युलन्स बोलावली. माणसं चांगली होती, हळू चालवत होती, पण रस्त्याला ते काय करणार? प्रत्येक खड्ड्याला सुमन अशी कण्हायची की पुढं बसलेल्या भावजींचे खांदे वर जायचे. परत आल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "आवं, मरू द्या मला हितंच. पर त्या रस्त्यानं पुन्हा नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपखाली पाय दिसले.

मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. भावजींच्या गाडीचे पाटे काळी-पिवळीचे, म्हणजे गावच्या गाव पेलणारे, दगडासारखे कडक. त्यांनी चळत सोडवून त्यातल्या पट्ट्या काढायला सुरुवात केली. गॅरेजवाला त्यांच्या ओळखीचा, तो धक्के झेलणारे नवे शॉकअप आणि रबरी बुश घेऊन आला आणि खाली वाकून ओरडला, "काय बे, पाटे काढतो? गाडी बसंल ना खाली. माणसं कशी नेणार?" आतून आवाज आला, "आता लई मानसं न्यायची न्हाईत. एकच न्यायचंय."

मग गॅरेजवालाही गोणपाटावर आडवा झाला. त्या दिवशी मी चार पायांना चहा दिला.

गाडी मऊ झाली की नाही हे बघायला माझी कंबर वापरली. माझी कंबर आधीच गेलेली. भावजी म्हणाले, "वैनी, तुमी माझं मीटर." मागची एका बाजूची सीट काढून तिथं त्यांनी फळी आणि गादी बसवली होती, तिच्यावर मला झोपवलं आणि फाट्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर विचारलं, कुठं लागलं? मी सांगितलं, शाळेपुढच्या गतिरोधकाला लागलं, पुलावर नाही. मग पुन्हा पाय गाडीखाली. पुन्हा एक फेरी. गावातल्या पोरांना हे समजेना. म्हाताऱ्या भावजयीला गादीवर निजवून हा माणूस फाट्यावर काय करायला नेतो? शेवटच्या फेरीला मी सांगितलं, "भावजी, मला झोप लागत होती." तेव्हा ते बाहेर आले आणि मला त्यांचं तोंड दिसलं. ग्रीसनं भरलेलं होतं आणि हसत होतं.

आवाजाचं काम त्यानंतरचं. धक्के गेले तरी पत्रा खडखडायचा, आणि सुमनला त्या खडखडाटाचीच भीती बसली होती. खडखडलं की तिला वाटायचं, आता धक्का येणार, आणि ती आधीच अंग आवळून घ्यायची. भावजींनी दारांचे पत्रे उघडून आतून टायरच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. जुना टेप काढला. चारी बाजूंना नवे स्पीकर बसवले, सीटखाली अॅम्प्लिफायर, बॅटरीपासून वेगळी वायर. पोरं म्हणाली, काकाला लग्नात डीजे लावायचाय. काकांनी नुसत्या टाचा घासल्या.

लावायचं काय, हा प्रश्न होता. सुमनला गाण्यांचं वेड नव्हतं. भजन लावलं तर म्हणाली, मेल्यावर लावा. तिला विचारलं, मग काय ऐकायचंय? ती म्हणाली, "दुपारचं. आक्का बोलत्यात ते."

मग काय, माझंच बोलणं मोबाईलमध्ये भरलं. आम्ही बायका शेंगा घेऊन तिच्या खाटेजवळ जाऊन बसायचो, भावजी उशाशी मोबाईल ठेवून बाहेर जायचे आणि आम्ही नेहमीसारखं बोलायचो. कुणाची कोंबडी हरवली, कुणाची सून रुसली, तालुक्याला जाऊन कोण काय फसून आलं. दर आठवड्याला ताजं भरून ते गाडीत लावायचे. शेंगा फुटल्याचा आवाजसुद्धा यायचा. पहिल्यांदा मी गाडीत बसून स्वतःला चार बाजूंनी ऐकलं तेव्हा लाजच वाटली, इतकं बोलते मी? भावजी आरशातून म्हणाले, "बघा आता, आमाला काय वाटतं ते." सुमनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती फुस्स करून हसली.

अशी ती जायला लागली. थोडं कण्हायची, पण जायची. त्या उन्हाळ्यात मी भावजींना जेवढं खूश पाहिलं तेवढं त्यांच्या लेकींच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी काय सांगितलं हे कुणी विचारलं तर ते गाडीचं सांगायचे. आता पुलावर कळत बी न्हाई, म्हणायचे.

तो दिवसही तसाच होता. सकाळचं ऊन, रस्त्याला ट्रॅक्टर कमी. सुमनचं डोकं माझ्या मांडीवर, स्पीकरांत मी बोलत होते. पुलाच्या अलीकडं तिनं माझा पदर मुठीत धरला. पुलाच्या पलीकडं मूठ सुटली. मी तिच्या तोंडाजवळ हात नेला. गळ्याशी नेला. गाडी अशी चालली होती की तिची मानसुद्धा हलत नव्हती. मी वर पाहिलं तर आरशात भावजींचे डोळे दिसत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्पीकरांतून सुमन हसली. आधी नाकातून फुस्स, मग मोठ्यानं. आदल्या दिवशी खाटेवर हसली होती, ते भरलं गेलं होतं.

भावजीही हसले. म्हणाले, "बघा वैनी, आज एकदा बी कण्हली न्हाई. हसली बी."

माझं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं. चार स्पीकरांतून मी बडबडत होते, आणि मागं मी गप्प बसले होते. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो माणूस सुखात गाडी चालवत गेला. मला त्याच्याकडून ते सुख काढून घेता येईना.

फाटकाशी त्यांनी गाडी लावली आणि मागचं दार उघडून तिला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. आतून माझा आवाज चालूच होता, कोंबडीची गोष्ट रंगात आलेली. मी म्हणाले, "भावजी, आधी मला बंद करा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग तिच्याकडं. मग पुढं जाऊन त्यांनी बटण दाबलं.

तेराव्याच्या आधी त्यांनी मला एकदाच विचारलं, "कुठं?" मी खरं सांगितलं, पुलावर. त्यांनी मान हलवली. पूल ते फाटक हा रस्ता त्यांना हाताच्या रेषांसारखा पाठ होता. त्यातला प्रत्येक खड्डा त्यांनी मनातल्या मनात पुन्हा पार केला असणार. मग म्हणाले, "पयल्या पाट्यावर असती तर कळलं असतं. एका खड्ड्याला गप बसली असती तर मी थांबलो असतो. तिचा हात धरला असता." पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही.

पावसाळाभर गाडीखाली पाय दिसले नाहीत. मी कप घेऊन सवयीनं जायची आणि परत यायची. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी पाय दिसले. मी वाकून पाहिलं. काढलेल्या पट्ट्या ते पुन्हा चढवत होते, आणि वर एक जास्तीची. स्पीकर काढून त्यांनी गॅरेजवाल्याला देऊन टाकले. दारांना गोल भोकं राहिली, ती बुजवली नाहीत. ट्यूबचे तुकडेसुद्धा ओरबाडून काढले. गाडी पहिल्यापेक्षा जास्त खडखडायला लागली. त्या गाडीत बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसायचा नाही. माझा मुलगा एकदा म्हणाला, "काका, हाडं खिळखिळी झाली की." काका म्हणाले, "होऊ दे. धक्का बसला की मानूस आवाज करतं. आवाज आला म्हंजे मानूस हाय."

मी त्या गाडीत बसायची, पण बोलायची नाही. त्यांनीही बटणाची थट्टा पुन्हा केली नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं. लेकी म्हणाल्या अँब्युलन्स बोलवू, पण त्यांनी मान हलवली आणि अंगणाकडं बोट दाखवलं. माझा मुलगा चालवायला बसला. मी मागं बसले. फळीवर ते मावेनात, म्हणून पाय माझ्या मांडीवर घेतले. तेच पाय, भेगा तशाच, नखांत मात्र आता ग्रीस नव्हतं.

गाव सुटलं आणि पहिला खड्डा आला. गाडी आदळली, ते कण्हले. पुढं मुलगा मान तिरकी करून चालवत होता, अगदी त्यांच्यासारखी. दुसरा खड्डा, पुन्हा कण्हणं. दाराच्या गोल भोकांतून वारा शिट्टीसारखा आत येत होता. शाळेपुढच्या गतिरोधकानंतर त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "येतोय ना आवाज, वैनी?"

"येतोय, भावजी."

"मग तुमी कावून गप? बोला की."

इतक्या वर्षांनी मी त्या गाडीत बोलायला लागले. काय बोलले ते नीट आठवत नाही. शेजारची नवी सून, माझी कंबर, यंदाच्या शेंगा बारीक भरल्यात, असलंच काहीतरी. त्यांचा उजवा अंगठा हलला. खड्डा आला की ते कण्हायचे, मी थांबायची, आणि पुन्हा पुढं सांगायला लागायची. पुलाच्या अलीकडं मी त्या हरवलेल्या कोंबडीची गोष्ट काढली. अर्ध्यात आले होते. पुलाच्या तोंडाशी मोठा खड्डा आहे, तो आला. गाडी दाणकन आदळली. माझी कंबर कळवळली, पत्रा खडखडला, पण त्यामागून कण्हणं आलं नाही.

मी बोलायची थांबले. मुलानं मागं वळून पाहिलं नाही, मला काही विचारलं नाही. त्यानं गाडी हळू केली आणि पुलाच्या कडेला उभी केली. मग उतरून मागं आला आणि काकांचा हात धरून बसला.