गच्चीवर वाळत घातलेले बाबा

बाबांचा रंगीत फोटो खिडकीतल्या उन्हानं उडत चालला होता. आधी मिशी गेली, मग चष्मा. आई म्हणाली, "वर्षश्राद्धाला हार घालायचा तं चेहरा दिसला पाहिजे ना, बेटा." शहाण्यानं मोबाइलमधल्या फोटोची प्रत काढून आणली असती. मी म्हणालो, प्लॅटिनममध्ये छापतो. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत. कागद टिकेल तोवर चित्र उडत नाही. हे ज्ञान मला नुकतंच झालं होतं, त्यामुळे घरभर वाटत फिरत होतो.

प्लॅटिनमचं द्रावण ब्रशनं कागदावर फासायचं, सुकलं की वर तेवढीच मोठी निगेटिव्ह ठेवायची, काचेच्या चौकटीत दाबायचं आणि उन्हात ठेवायचं. चौकट ओमतीच्या बाजारातून करून आणली. दुकानदारानं विचारलं, "भैया, कौन-से भगवान लगेंगे?"

जबलपूरच्या मे महिन्यात पहिला कागद पापडासारखा कोरडा झाला आणि चित्र रवाळ आलं. कागदात थोडी ओल लागते, हे पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. बाटलीत आता एकाच कागदापुरतं द्रावण, आणि श्राद्ध उद्यावर.

या वेळी कागद नीट ओलसर ठेवला. चौकट आईच्या कुरडयांशेजारी बाजेवर ठेवली आणि चित्र उमटवायचं रसायन, डेव्हलपर, कोमट करायला खाली गेलो. वर येऊन पाहतो तर चौकट पालथी. काच खाली, लाकूड उन्हात.

"आई, हे काहून उलटं केलंस?"

"एकाच बाजूनं वाळून राहिलं होतं. कुरडया पालटल्या, तं हेही पालटलं."

आमच्याकडे गच्चीवर जो जाईल त्यानं वाळतंय ते पालटायचं. मीही लहानपणापासून हेच करत आलोय. रागवायला जागा नव्हती, म्हणून जास्तच राग आला. चित्र उमटलं तरी कितपत, बघू, म्हणत मी तणतणत मागची फळी काढली आणि कागद बाहेर ओढला. भर उन्हात, वर निगेटिव्ह नसताना.

तरी आशेनं डेव्हलपर ओतलं. बाबा, भिंत, खुर्ची, सगळं एकदम काळं झालं. मोबाइल घेऊन ओमतीत धावलो, तर फोटोच्या दुकानाला साप्ताहिक सुट्टी.

आईनं तो काळा कागद उजेडात धरला. "हेही उडत नाही काय?"

"नाही. कधीच नाही."

तिनं जुना फोटो पदरानं पुसून पाटावर ठेवला. सकाळी हार त्यालाच घातला. गंध लावताना कपाळ कुठे असेल, हे मात्र मला अंदाजानंच ठरवावं लागलं.