सशाच्या पोटातली डबी

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरच्या एका कॉलेजात सशांवर काम करीत होते. औषध देऊन सशांना कंपवातासारखा आजार आणायचा. ते ताठरायचे, जागचे हलायचे नाहीत. मग दुसऱ्या सशाच्या जिवंत पेशी बारीक जाळीच्या, दाण्याएवढ्या डबीत भरून त्यांच्या पोटात बसवायच्या. पेशी आत सुखरूप राहाव्यात आणि त्यांच्यातलं द्रव्य तेवढं बाहेर झिरपावं, काढ्यातल्या पुरचुंडीसारखं. बहुतेक ससे तसेच पडून राहिले. एक मात्र उठला आणि पिंजऱ्यात हिंडू लागला.

डबीनं उठला की आधीच्या औषधाचा अंमल उतरला म्हणून, हे डबी बाहेर काढल्याशिवाय कळणार नव्हतं. पेशी ताज्या असतानाच पाहायच्या, म्हणजे ससा मारायचा. सोमवार ठरला होता.

शनिवारी शिरपूरहून बाबा आले, डॉक्टरांना हात दाखवायला. त्यांचा स्वतःचाच हात दोन-चार वर्षांपासून कापत होता. किराण्याच्या दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, शेठजींचा काटा नाचतो. तेवढं ते हसण्यावारी न्यायचे. पण देवळात अभिषेकाचा कलश धरवेना, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत.

मी त्यांना ससा दाखवला आणि सगळं सांगितलं. तिथंच चुकलं म्हणा. पर्युषणात कसायाकडून बकरे सोडवून आणणारा माणूस तो.

"बरा झाला नं हा? मंग कायले कापता?"

"बाबा, तुमच्या हातासाठीच चालू हाय हे सारं."

"माह्या हातासाठी याचा जीव नको घेऊ. दे मले."

आमचे सर संतापले. बाबा वाद घालीत नव्हते, नुसते जाळीला हात लावून उभे होते आणि जाळी खडखडत होती. मला ते ऐकवेना. पिंजरा मीच उघडला. माझा प्रबंध मागे पडला आणि सर बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

ससा शिरपूरला परसात राहू लागला. जैनाच्या घरातला ससा, त्याला गाजर वर्ज्य. मुळ्याचा पाला चाले, मुळा नाही. तोही दिवस मावळायच्या आत. बाबा पाला धरायचे, तो थरथरायचा, आणि ससा मान हलवत हलवत तो बरोबर पकडायचा. ससा शेवटपर्यंत नीट हिंडला. बाबांचा हात वाढत्या मानानं कापत गेला. पुढं पाला मांडीवरच ठेवू लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात मी घरी गेले होते. सकाळी ससा परसात मरून पडलेला दिसला, थंडगार. खड्डा मी खणला. त्यात ठेवणार तोच बाबा म्हणाले, "थांब. आता उघडून पाह्य. आता त्याले दुखत नाही."

डबीनं गुण आला का, हे कळायची इतके दिवस तेही वाट पाहत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आता काही कळत नाही, बाबा. तो गेला का आतल्या पेशीही जातात."

"असं व्हय," ते म्हणाले. मग खाली बसून मूठभर माती टाकू लागले. निम्मी बाहेरच सांडत होती. मला रडू आलं, पण त्यांचा हात मी धरला नाही. त्यांचं होईस्तोवर उभी राहिले.