फार्मुर आणि मुर्मुर

पडदे शिवणाऱ्या बाईंना आपल्या विहिणीचा हेवा वाटायला लागला तो एका रविवारी, आणि त्याला निमित्त झालं दाराच्या बेलचं.

लेक लग्न करून स्वीडिश बोलणाऱ्या घरात गेली होती. नात चार वर्षांची. रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. बाई शिवणखोलीतल्या लांब टेबलावरचे कापडाचे तागे बाजूला सारून फोन टेकवायच्या, आणि तिकडून नात आपली खेळणी एकेक करून नाचवून दाखवायची. त्या दिवशी ती लाकडी गाडी दाखवत होती, तेवढ्यात बेल वाजली. नातीनं फोन तिथेच टाकला, "नू कॉमर फार्मुर" असं ओरडत धूम ठोकली, आणि बाई बराच वेळ त्या घराचं छत बघत बसल्या.

लेकीनं फोन उचलून अर्थ सांगितला. आता आजी येतेय.

"ती आजी, मग मी कोण?" बाईंनी विचारलं.

तिकडे बापाची आई ती फार्मुर आणि आईची आई ती मुर्मुर, असं लेकीनं समजावलं. बाईंना ते काही रुचलं नाही. विहिणीच्या वाट्याला फार, आणि आपल्या वाट्याला नुसतं मुर्मुर, कुणी कोपऱ्यात बसून कुरकुर करावी तसं.

एरवी बाई कोत्या मनाच्या नव्हत्या. नवऱ्याच्या मागे शिलाईवर घर चालवलं, लेकीला शिकवलं, कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण विहिणीचा विषय निघाला की पोटात दुखायचं. विहीण नातीला शाळेतून आणते. विहीण तिला पोहायला नेते. विहिणीच्या घरी नातीचा वेगळा टूथब्रश आहे. त्यातही टूथब्रशची गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली होती.

अशातच एक नर्सबाई पडदे शिवायला टाकायला आल्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. खिडकीचं माप घ्यायला बाई त्यांच्या घरी गेल्या, स्टुलावर चढल्या, आणि बोलता बोलता कळलं की सिस्टरांनी निम्मी नोकरी स्वीडिश इस्पितळात केली आहे. बाई टेप हातात धरून तशाच खाली उतरल्या आणि म्हणाल्या, मला ती भाषा शिकवा.

शिकवणी बाईंच्या शिवणखोलीत सुरू झाली आणि पहिलं वाक्य बाईंनीच काढलं. नू कॉमर फार्मुर. त्याचा अर्थही त्यांनी आपल्यापुरता लावून ठेवला होता. आधी 'आता', मग 'येते', आणि आजी आपली सगळ्यात शेवटी, म्हणजे तिकडचे लोकसुद्धा त्या बाईला मागेच बसवतात.

सिस्टरांना हसू आवरेना. त्यांनी कापणीच्या टेबलावर तीन वस्तू मांडल्या. दोऱ्याचं रीळ म्हणजे आजी, कात्री म्हणजे 'येते' आणि खडू म्हणजे 'आता'.

"आपण 'आता आजी येते' म्हणू, नाहीतर 'आजी आता येते' म्हणू. 'येते' आपलं शेवटी," सिस्टर म्हणाल्या. "त्यांचं क्रियापद मात्र दुसऱ्या जागेवर ठाण मांडून असतं. तिथून हलत नाही."

रीळ, कात्री, खडू. आजी येते आता. मग सिस्टरांनी खडू उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवला. आता रीळही पुढेच राहिलं तर कात्री तिसरी होते, ते चालायचं नाही. म्हणून रिळानं मुकाट्यानं कात्रीच्या मागे जायचं. पहिल्या जागेवर 'आता' बसो, 'उद्या' बसो, नाहीतर आजी बसो, कात्री दुसरीच.

बाई जरा हिरमुसल्या. विहीण मागे होती ती निव्वळ नियमानं. अपमान वगैरे काही नव्हता.

त्याची भरपाई पुढच्या धड्यात झाली. नकार कसा द्यायचा ते सिस्टरांनी शिकवलं. क्रियापदाच्या मागे 'इन्ते' लावलं की झालं. फार्मुर कॉमर इन्ते. आजी येत नाही. हे वाक्य बाईंना इतकं आवडलं की आठवडाभर पडद्याला चुण्या घालताना, अस्तर जोडताना, इस्त्री फिरवताना त्या तेच पुटपुटत होत्या. शेजारणीला वाटलं, बाईंनी जप सुरू केला.

पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा नात रडवेली होती. बाईंनी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "फार्मुर कॉमर इन्ते."

नातीच्या तोंडून आलेलं आणि कुणी अर्थ न सांगता कळलेलं हे पहिलंच वाक्य. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण अंगावर काटा आला. विहीण जिन्यावरून पडली होती, पाय मोडला होता, प्लास्टर घालून इस्पितळात होती. लेक हे सांगत असताना बाईंना आपण आठवडाभर काय घोकत होतो ते आठवलं आणि चोरट्यासारखं झालं.

तेवढ्यात नात फोनला नाक लावून हळूच म्हणाली, "कॉमर मुर्मुर?"

बाईंना वाटलं, पोरगी चुकली. क्रियापद पहिलं कसं? त्यांनी शिकवणीतला सगळा ऐवज पणाला लावला आणि ठासून दुरुस्ती केली, "मुर्मुर कॉमर."

नात टाळ्या पिटत घरभर पळाली. लेक म्हणाली, "आई, तू खरंच येतेस? कधी ठरवलंस?"

उलगडा सिस्टरांनी केला. प्रश्न विचारताना क्रियापद आपली जागा सोडून पुढे येतं, एवढं शिकवायचं राहून गेलं होतं. नातीनं विचारलं होतं, आजी, येतेस का? आणि बाईंनी व्याकरण सुधारता सुधारता शब्द देऊन टाकला होता.

दिलेला शब्द मागे घेणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. हातातले पडदे त्यांनी पुरे केले, बाकीची कामं दुसरीकडे वळवली आणि लेकीनं पाठवलेल्या तिकिटावर त्या जाऊन पोचल्या.

विहीण तोवर मुलाकडेच मुक्कामाला आली होती. उंच, पांढऱ्या केसांची बाई, पाय उशीवर. आता शाळेतून नातीला बाई आणायच्या, आणि रस्त्यानं तिचा हात धरून चालताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. पण घरात पाऊल टाकलं की नात दप्तर भिरकावून थेट विहिणीच्या पलंगावर. बाई बूट काढत दारातच राहायच्या. एवढा समुद्र ओलांडून आले ते हे बघायला, असं मनात यायचं.

दुपारचं ऊन विहिणीच्या डोळ्यांवर येतं हे बाईंनी पाहिलं होतं. त्यांनी कापड आणवलं आणि तिच्या खोलीत खिडकीपाशी बसून हातानंच पडदा शिवायला घेतला. एका दुपारी नात त्या कापडात लोळत लोळत बाईंच्या मांडीवर झोपून गेली. बाईंनी मान वर केली तर विहीण पलंगावरून बघत होती. ती नजर बाईंनी लगेच ओळखली. रविवारी फोन बंद झाल्यावर काळ्या पडद्यात स्वतःची हीच नजर त्यांनी कितीदा पाहिली होती.

खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं.

"नू सोवर हुन," त्या म्हणाल्या. आता झोपलीय ती. क्रियापद दुसऱ्या जागेवर, जिथल्या तिथे.

विहिणीनं मान हलवली आणि आपल्या शेजारची गादी हळूच थोपटली. खूण कळण्यासारखी होती. बाईंनी न कळल्यासारखं केलं आणि सुईतला दोरा आणखी दोनदा संपेपर्यंत टाके घातले. मग मात्र त्यांनाच ते बरं दिसेना. पायालाही मुंग्या आल्या होत्या. पोरीला उचलून त्यांनी विहिणीच्या कुशीत ठेवलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि शिवण पुढे चालू केली. पडदा जमिनीवर लोळू नये म्हणून विहिणीनं त्याचं दुसरं टोक हातात धरलं. जरा जास्तच ताणून धरलं. थोडं सैल सोडा, असं बाईंना सांगायचं होतं, पण सिस्टरांची शिकवणी तिथवर पोचली नव्हती.