पुढचा शब्द

आमच्या घरात बोलता बोलता कोणी अडलं, की पुढचा शब्द दुसऱ्यानं द्यायचा. हे कोणी शिकवलं नाही, अंगातच आहे. आजोबांची नाटक मंडळी, बाबा दिग्दर्शक, आई नटी, मी नटी. सगळं खानदान एकमेकांना प्रॉम्प्ट करतच वाढलं. त्यामुळे स्वयंपाकघरात आई "ते हे... काय ते" म्हणाली, की मी "सांडशी" म्हणायचे, बाबा "डाळ" म्हणायचे, आणि कुकर चढायचा. ती विसरायला लागली आहे, हे आमच्या टाळक्यात शिरलंच नाही.

शिरलं ते अकोल्याच्या प्रयोगात. नाटकात आई माझी सासू होती. मी चहा आणून ठेवला, की तिनं मला फैलावर घ्यायचं. तिनं कप उचलला आणि नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. तिला वाक्य विसरताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. प्रेक्षकांकडे पाठ करून मी हळूच वाक्य दिलं. ते तिनं असं फेकलं की टाळी पडली. मग मी पुढचं दिलं, मग त्याच्या पुढचं. अख्खा प्रवेश मी दोघींचा केला. तिच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. मला भीती त्याचीच वाटली. वाक्य विसरलेली नटी घाबरते. ही घाबरलीच नव्हती.

परतताना गाडीत बाबा माइकवाल्याला शिव्या घालत होते. बडनेरा येईपर्यंत मी ऐकून घेतलं, मग माझं डोकं सटकलं. माइकचा काय संबंध, तिले आठवूनच नाही राहिलं, असं मी ओरडले. आई मागे झोपली होती, निदान मला तसं वाटलं. बाबा अमरावतीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

मग आम्ही आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तिला साधेच प्रश्न विचारले. आज वार कोणता? आई अडली आणि बाबांनी सांगून टाकलं, बुधवार. सकाळी काय खाल्लं? मी म्हणाले, पोहे. तिसऱ्या खेपेला बाई चिडल्या. तोंड बंद ठेवा, नाहीतर बाहेर बसा म्हणाल्या. बोलायला काय जातंय बाईंचं! अडलेल्या माणसाकडे नुसतं बघत राहायचं, हे आम्हाला येतच नाही. बाबांनी तोंडावर रुमाल धरला. मी ओढणीचं टोक पिळत बसले.

मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण?

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग अडलेल्या वाक्यासाठी विंगेकडे बघावं तशी ती बाबांकडे वळली. बाबांच्या तोंडावरचा रुमाल हलला, पण आवाज निघाला नाही. शब्द माझ्या जिभेवर होता, एवढासा शब्द. मी दिला नाही.

तिनं सावकाश हात पुढे केला, ओढणी पिळणाऱ्या माझ्या हातावर ठेवला, आणि डॉक्टरबाईंना समजावून सांगितलं, "नवी पोरगी हाये मंडळीत. लय भेते. पण जमन तिले."