मालगुजाराच्या घरची लीख

अर्जुनी मोरगावकडच्या त्या गावात तिला जमुनाबाई असं कुणी म्हणत नसे. मालकापासून कोतवालापर्यंत सगळ्यांची ती जमनी. धानाची कामं सरली की ती घरोघर जाऊन बायकांच्या उवा काढायची आणि बदल्यात शेरभर तांदूळ न्यायची. गावातले लोक डोक्यावर घासलेट ओतून टाळू भाजून घेत, नाहीतर सीताफळाच्या बिया वाटून लावत आणि डोळे सुजवून बसत. जमनी नुसतं करंजीचं तेल चोपडायची, लाकडी फणी फिरवायची आणि निघताना बजावायची, "आठव्या दिवशी पुन्हा काढा लागते. आज उवा मेल्या, लिखा जित्याच हायेत."

केशोराव मालगुजारांच्या घरात मात्र उवा नव्हत्या. तिथं होता तो उष्णतेचा कोंडा. आता हा कोंडा सहा पायांनी चालायचा, एवढंच. लेकीचा कोंडा काढायला मालकीण सुशीलाबाई माघापासून जमनीला मागच्या दारानं बोलवायची. स्वतःच्या डोक्याला मात्र हात लावू द्यायची नाही. मायलेकी झोपायच्या एकाच उशीवर. जमनी लेकीचं डोकं लख्ख करून जायची आणि चार दिवसांत तिथं पुन्हा मोठाल्या उवा हजर. त्या कुठून येतात हे जमनीला चांगलं ठाऊक होतं. पण मालकिणीच्या तोंडावर ते बोलणार कोण?

चैत्रात मुलीला पाहायला पाहुणे आले. होणाऱ्या सासूनं कौतुकानं मुलीला जवळ घेतलं आणि सासूच्याच पदरावरून एक ऊ ऐटीत चालू लागली. पाहुणे फराळाला हात न लावता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनीला ओट्यासमोर उभं केलं. "हिनंच आणून सोडल्या उवा!" सुशीलाबाई कडाडली. "तांदूळ भेटत राहावा म्हणून!" केशोरावांनी उभ्या उभ्या न्याय केला : जमनीचं डोकं भादरा. बिसराम न्हावी वस्तरा परजत बसला. सारं गाव जमलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

जमनीनं दोन्ही हातांनी आपला अंबाडा धरला. कमरेपर्यंतचे केस, हीच काय ती तिची इस्टेट. आणि मंगरूसारखा धडधाकट नवरा जिवंत असताना बोडकं डोकं घेऊन घरी कोणत्या तोंडानं जायचं? तिला रडू फुटणार, तेवढ्यात सुशीलाबाईनं कराकरा डोकं खाजवलं. जमनीची भीतीच मेली, नुसता राग उरला. ती झेपावली आणि मालकिणीच्या पदराखालचा एक लांब केस तिनं मुळासकट उपटला.

"हे पाहा, लीख."

"कोंडा हाये थो!" सुशीलाबाई टाळू चोळत ओरडली.

"कोंडा असन तं उडन. फुका, मालक."

केशोरावांनी फुंकलं. त्यांच्या मिशा हलल्या, लीख हलली नाही.

"ऊ केसाच्या मुळापाशी लीख चिकटवते," जमनी म्हणाली. "मंग केस वाढते, तशी लीख मुळापासून दूर जाते. ही चार बोटं दूर गेली. बिसरामभाऊ, महिन्यात केस किती वाढते?"

बिसरामनं मालकाकडे पाहिलं, मग वस्तऱ्याकडे. तीस वर्षांच्या धंद्याची लाज त्याला आडवी आली. "अर्ध पेर," तो पुटपुटला.

"चार बोटं म्हंजे तीन पेरं, सहा महिने झाले. म्हंजे लीख दसऱ्याची. मी या घरात आली माघात. अन् ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही. डोक्स्याले डोक्सं लागलं का चालत जाते. मालकीनबाईच्या डोक्स्याले तं मी कधी शिवलीही नाही."

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. केशोरावांना एकाएकी तलावाच्या बांधाचं काम आठवलं आणि ते निघून गेले. बिसरामनं वस्तरा गुंडाळून ठेवला.

"उद्या मागच्या दारानं ये," सुशीलाबाई दातओठ खात म्हणाली.

"मागच्या दारानं आता नाही. इथंच, ओट्यावर, आज. लीख सावलीत दिसत नाही. पोरीचं लगन करायचं असन तं बसा."

लग्न तर करायचंच होतं. मालकीण ओट्यावर बसली, गावासमोर तिचा पदर उतरला आणि डोकं जमनीच्या मांडीवर आलं. जमनीनं तेल चोपडलं आणि फणी घातली. गरजेपेक्षा जरा जोरातच ओढली. एवढं पाप तिनं केलं.

"जमुनाबाई," सुशीलाबाई कळवळली, "जरा हळू ओढा."