गुडघ्याचं श्रीखंड

एकसष्ट सालच्या वसंतात जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे होत असतील, तर फ्राऊ हेबर्ले यांच्या उजव्या गुडघ्याचे. मी मोटारीच्या कारखान्यात उमेदवारी करत होतो आणि बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. गुडघ्याला मात्र सकाळी कोबीची पानं, दुपारी थंड पाण्याची धार आणि संध्याकाळी क्वार्क. क्वार्क म्हणजे आपला चक्काच, जरा सैल.

गोळ्यांनी बाईंचं पोट बिघडायचं. त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "गोळ्या बस्स. दुसरं काही असेल तर बोला." डॉक्टर म्हणाले, "मग रोज थोडा जिना चढा-उतरा, सोसेल इतका." तेवढं सोडून बाईंनी बाकी सगळं केलं. कुणी सांगितलं म्हणून खाजऱ्या पाल्यानं गुडघा झोडपून घेतला आणि दोन दिवस मला शिव्या दिल्या. पाला मी आणला होता ना!

खरा घोर वेगळाच होता. तिकडे जिना पुसायला एकेका बिऱ्हाडाचा आठवडा ठरलेला. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर लाकडी पाटी; पुसून झालं की ती पुढच्या बिऱ्हाडाच्या दारावर. पाटी आपल्या दारावर आणि जिना मळका, म्हणजे अब्रू गेली. बाईंचा मुलगा कार्ल ष्टुटगार्टला असे. त्यानं निर्वाणीचं कळवलं, "आई, एप्रिलमधल्या तुझ्या आठवड्यात तुला जिना पुसता आला नाही, तर शनिवारी सुटकेस घेऊन येतो. तू माझ्याकडे राहायचं." बाईंना हे घर सोडायचं नव्हतं. लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट त्यांनी इथल्याच खिडकीत पाहिली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ क्लिंक गोड आवाजात म्हणाल्या, "मी पुसते की तुमच्या वाटचा." त्यानंतर बाईंनी आमचं दार असं आपटलं की माझा आरसा खाली आला.

पाडव्याला मी कामावरून आलो, तर स्वयंपाकघराच्या खिडकीला फडक्यात बांधलेलं क्वार्क टांगलेलं. पाणी टपटप गळतंय. पाडव्याच्या दिवशी टांगलेला चक्का बघून मराठी माणसाचा हात साखरेच्या डब्याकडे नाही जाणार तर कुठं जाईल? आईनं पाठवलेले वेलदोडे कुटले, साखर घालून फेटलं आणि चार चमचे हाणले. तेवढ्यात बाई लंगडत आत आल्या.

"हेर दिनकर!" त्या किंचाळल्या. हेर म्हणजे श्रीयुत; माझं आडनाव त्यांना झेपत नसे. "तुम्ही माझा गुडघा खाल्लात!"

मी घाबरून वाडगा पुढं केला. "आल्झो," म्हणजे 'बघू तर', असं म्हणत त्यांनी एक चमचा तोंडात घातला. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला हात पुढं आला, तसा मी वाडगा उचलून एक मजला खाली पळालो. "हवं असेल तर खाली या!" कुठून सुचलं देव जाणे.

बाई कठडा धरून, मला उभं-आडवं घेत, खाली आल्या. चमचा खाल्ला, वर चढल्या, आणखी एक खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी विसरलो, तर त्यांनीच माझं दार वाजवलं. रोज एक मजला, पुढं दोन, मग तीन. क्वार्क आता गुडघ्याला लागेचना, सगळं पोटात. दोघं जिन्यात एवढे हसायचो की फ्राऊ क्लिंक दार किलकिलं करून बघत. गुडघा दुखायचा काही थांबला नाही, पण वाकू लागला.

तो शनिवार आला. खालच्या पायरीवर उभं राहून वरची पुसायची, अशा बाई उलट्या उतरू लागल्या. बेचाळीस पायऱ्या. मी बादलीला हात लावला, तर "खोली खाली करावी लागेल!" मग मी वाडगा घेऊन त्यांच्यापुढं एकेक पायरी खाली सरकत राहिलो. त्या मध्येच बसत. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा उठतीलसं वाटेना. पण उठल्या.

शेवटच्या पायरीवर बसून त्या श्रीखंड खात होत्या आणि कार्ल दारात उभा राहिला. हातात मोठी सुटकेस. त्यानं पाऊल उचललं.

"ओलं आहे," बाई म्हणाल्या. "वाळेपर्यंत तिथंच."

मग त्या उठल्या आणि त्याच्यादेखत शेवटची पायरी पुसली. मला इतका आनंद झाला की मी वाडगा डोक्यावर घेऊन नाचलो.

जिना वाळल्यावर बाई सगळ्यांच्या पुढं चढल्या. आपल्या दारावरची पाटी काढली, पुन्हा एक मजला उतरल्या, फ्राऊ क्लिंकच्या दारावर ती अडकवली आणि परत वर आल्या. कार्ल सुटकेस घेऊन दाराशी उभा होता. बाईंनी ती त्याच्याकडून घेतली, उघडली आणि गुडघ्यासाठी आणून ठेवलेले तिन्ही कोबी आत भरले.

"ने," त्या म्हणाल्या. "मला आता लागत नाहीत."